पोटात इंजिन असलेली बोट

गणेशगुडी, १८ फेब्रुवारी २०२५

आबा,

वडिलांच्या पत्राची सुरुवात 'तीर्थरूप' लिहून करायची असं शाळेत शिकवलं होतं. पण उळवीच्या जत्रेत भरल्या ताटावरून उठताना तुम्ही म्हणालात, "ती होडी आणलीस तर तुझा बा मेला म्हन." मेलेल्या माणसाला कुणी तीर्थरूप लिहीत नाही, आणि जिवंत माणसाला मी मेलेला म्हणणार नाही. म्हणून नुसतं आबा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. नागेशदादाकडे निरोप दिला तर तो त्यात आपलं मीठमसाला घालतो. म्हणून पत्र. चष्मा लावून स्वतः वाचा, वहिनीकडून वाचून घेऊ नका.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. सुप्याच्या धरणात आपला गाव गेला, शेतं गेली, देऊळ गेलं, आज्जीला जाळलं ती जागासुद्धा पाण्याखाली गेली. तुम्हाला उचलून रामनगरला आणून बसवलं. तेव्हापासून तुम्ही त्या पाण्याकडं पाठ करून जगलात. लेकीच्या घरी यायचं तरी दारात बसताना तोंड रस्त्याकडं. "माझ्या आईच्या मसनावर दोर बांधून पोरं नाचवनार काय?" असं तुम्ही सगळ्या पंगतीत विचारलंत. तिथं सासरची माणसं जेवत होती, म्हणून मी गप्प बसले. उत्तर आता देते.

मी त्या गावात जन्मले नाही. रामनगरच्या पत्र्याच्या खोलीत जन्मले. तुमच्या प्रत्येक गोष्टीत एक ओढा असायचा, एक फणस असायचा, शेणानं सारवलेलं अंगण असायचं, आणि त्यातलं काहीच मला कधी हाताला लागलं नाही. तुमच्या वाट्याला गाव आला होता, तो गेला. माझ्या वाट्याला पाणीच आलं. लग्न करून आले तीही त्याच्याच काठाला. सकाळी दार उघडलं की तेच समोर. त्याच्याशी मी किती वर्षं अबोला धरायचा?

आमच्या तीन खोल्यांत पाहुणे येतात, पोराबाळांसकट येतात. पाण्याकडं बघत बसतात, चहा पितात आणि कंटाळून दांडेलीला निघून जातात. बोट असली तर राहतील. बोट पुढं पळते, मागं लांब दोर असतो, दोराची मूठ धरून माणूस फळीवर उभा राहतो आणि पाण्यावरून घसरत येतो. लहान मुलांना फुगवलेल्या ट्यूबवर बसवतात. आमची रक्षा गोव्यात बापाजवळ शिकलेली आहे, तीही उभी राहील. घरच्यांचा खेळ आणि पाहुण्यांची सोय. धंदा म्हणून घेते आहे, त्यात दुसरं काही नाही.

आणि दादा जे बोलला, "जावयाचा पाय पाण्यानं खाल्ला तरी हिला अक्कल न्हाई," ते त्याला परत सांगा. पाय पाण्यानं खाल्लेला नाही. तुमचे जावई किती वर्षं गोव्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची बोट चालवत होते. एका बाईच्या पायात दोर गुंतला, तो सोडवायला ते पाण्यात उतरले, आणि बरोबरच्यानं मागं न बघता गिअर टाकला. त्या बोटीचं इंजिन शेपटीला लटकवलेलं होतं आणि पंखा उघडा फिरत होता. त्या पंख्यानं डावा अर्धा पाय नेला. म्हणूनच मी इंजिन पोटात असलेली बोट बघते आहे. इनबोर्ड म्हणतात तिला. तिचा पंखा मागं लोंबत नाही, पोटाखाली आत असतो. नवी आम्हाला झेपणार नाही, वापरलेलीच शोधायची आहे.

आणणार म्हणजे आणणार.

सुमंगला


गणेशगुडी, १७ मार्च २०२५

आबा,

तुमचं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते.

आम्ही तिघं गोव्याला बोट बघून आलो. निळीशार, वर चकचकीत कमान, कमानीला चार भोंगे. रक्षा बघताक्षणी तिच्यावर भाळली. मालक सोन्याची साखळी घातलेला, बोलायला गोड. मला बघून ह्यांना म्हणाला, "गुरुदासभाऊ, वहिनींना आत बसवा, एसी आहे. बोटीचं आपण बोलू."

हे म्हणाले, "बोट तीच चालवणार. तिच्याशीच बोला."

एवढंच बोलले आणि जाऊन माडाखाली उभे राहिले. ऊन होतं.

मी इंजिनाचं झाकण उघडायला सांगितलं. आत हात लावला तर गरम.

"सकाळी कुणी चालवली?"

"कुणीच नाही. आठवडाभर उभी आहे."

"मग इंजिन गरम कसं?"

"वहिनी, ऊन केवढं आहे."

"झाकणाखाली ऊन जातं?"

तो हसला. मी हसले नाही. थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतं का, हे बघायचं असतं. ते दिसू नये म्हणून त्यानं आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलं होतं. हे मला कुणी शिकवलं असं दादा विचारेल. सीझन संपला की मी आणि रक्षा गोव्याला जायचो, तेव्हा ह्यांनी मला बोट चालवायलाही शिकवली आणि उघडून बघायलाही.

मग नळ्यांचे जोड बघितले. पांढरी बुरशी यावी तसं मीठ बसलेलं. खाऱ्या पाण्यात चालवून गोड्या पाण्यानं धुतली नाही की समुद्र लोखंडाला आतून पोखरतो, वरून रंग ताजा दिसतो. शेवटी खाली बसले आणि घरून नेलेल्या विळ्याच्या मुठीनं बोटीची जमीन वाजवत गेले, आपण फणस वाजवून बघतो तशी. पुढं टणक आवाज आला. मधल्या सीटपाशी आवाज बसला. तिथं टाच रोवली तर गालिचा खाली दबला. खालचे वासे कुजलेले.

मालकाला म्हटलं, "ही नको."

"भोंगे फुकट देतो," तो म्हणाला.

परतताना कॅसलरॉकच्या पुढं आल्यावर रक्षा म्हणाली, "आई, तुला कुठलीच आवडनार न्हाई. तुला घ्यायचीच न्हाई." तिला वाटलं मी आज्जाला घाबरले. मी तिला म्हटलं, माझ्या बापाला मी घाबरत असते तर तुझ्या बापाशी लग्न केलं नसतं.

हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

सुमंगला


गणेशगुडी, २२ एप्रिल २०२५

आबा,

शनिवारी भर दुपारी रामनगरात तुमच्या दारावरून जी बोट गेली ती माझी.

खानापुरावरून हळियाळ, दांडेलीकडून वळसा घालून नेता आली असती. टेंपोवाला नागराज तोच रस्ता म्हणत होता. मी म्हटलं, रामनगरातनंच जायचं. बाजारातून, तुमच्या गल्लीवरून, हळू. मी मागं ट्रॉलीवर बोटीतच बसले होते. चोरून आणायला मी काही चोरी केली नव्हती.

दादा रस्त्यात आला आणि ओरडला, "हितं थांबू नको. मानसं बघाय लागल्यात." माणसांनी बघावं म्हणूनच तर आणली होती. तुम्ही ओट्यावर उभे होता. मी हात जोडले, तुम्ही काहीच केलं नाही. पण आत गेला नाहीत. वळणापर्यंत मी बघत होते.

ही बेळगावकडच्या एका शेतघरात सापडली. तिथल्या धरणाच्या गोड्या पाण्यातच तिचं आयुष्य गेलेलं. मालकीण वैष्णवी, दातांची डॉक्टर. तिचे वडील हौशी होते, ते गेल्यापासून बोट शेडमध्येच. रंग उडालेला, सीट उंदरांनी कुरतडलेल्या, कमान नाही, मधोमध नुसता दोर बांधायचा लोखंडी खांब. रक्षानं नाक मुरडलं. पण मी जमीन वाजवली आणि टोकापासून टोकापर्यंत एकच आवाज. ऑइल मापायची पट्टी काढली, ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. दुधाळ असलं तर पाणी शिरलंय. इंजिन गार होतं. नवी बॅटरी लावली, ते दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं.

"रंगाबद्दल न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच," वैष्णवी म्हणाली.

मी म्हटलं, "रंग आम्ही देऊ. पाण्यात घालून दाखवा."

पाण्यात घातली. मी चालवली, बाजूला वैष्णवी बसली. इंजिन तापल्याचा काटा कुठवर चढतो, पाणी कुठून झिरपतं, वळवताना कशी झुकते, सगळं बघितलं. वळणावर ती पाण्याला धरून राहते. मला तिथंच कळलं की हीच.

आता एक गोष्ट. फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की धंदा म्हणून घेते आहे. ते अर्धं खरं होतं. तुमचे जावई पाय गेल्यापासून पाण्यात उतरलेले नाहीत. पाण्यात काय, काठालासुद्धा जात नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि तोंड रस्त्याकडं करतात. तुम्ही करता तसंच. गोव्यात ते माडाखाली उभे राहिले, ते उन्हामुळं नाही. बेळगावलाही मी पाण्यावर असताना ते शेडमध्ये बसून होते, हात मांड्यांखाली दाबून.

एक माणूस पाण्याकडं पाठ करून म्हातारा झालेला मी लहानपणापासून बघितलाय, आबा. घरात दुसरा होऊ देणार नाही. तुम्हाला राग येईल. येऊ दे.

सुमंगला


गणेशगुडी, २९ मे २०२५

आबा,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी. "सुमे, होडी बगितली. रंग गेलेला हाय. नागेश बोलला ते मी बोलाय सांगितलं न्हवतं. माजं मत बदललेलं न्हाई." बरं झालं लिहिलंत. माझंही बदललेलं नाही.

धरणाचं पाणी आता पार उतरलंय. पाणी वर असताना खाली काय आहे ते कळत नाही, आणि ह्या बोटीचा पंखा पोटाखाली असला तरी बुडलेल्या झाडाच्या खोडावर आपटला तर बोटही गेली आणि माणसंही. म्हणून मी आणि रक्षा रोज सकाळी उतरून चिखल तुडवतो. जिथं खोड उभं आहे तिथं उंच बांबू रोवायचा, त्याला तारेनं रिकामा डबा बांधायचा, म्हणजे पाणी चढल्यावर डबा वर दिसेल. मोकळा पट्टा कुठून कुठं जातो, ते डोक्यात बसवतो आहोत.

घरांचे चौथरे उघडे पडलेत. एका ठिकाणी जातं आहे, अर्धं चिखलात. रक्षानं विचारलं, "ह्यातलं आज्जाचं घर कुठलं?" मला सांगता आलं नाही. तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत, पण एकदाही हाताला धरून आणून दाखवलं नाहीत. हे पाणी दर उन्हाळ्यात थोडंफार उतरतं, आबा. तुम्ही यायचं होतं. रामनगराहून बस आहे.

मला तुमचा राग येतो तो ह्यासाठी. बोटीवरून बोललात त्यासाठी नाही.

घरी ह्यांनी उंदरांनी खाल्लेल्या सीट उसवल्या आणि नवं कापड आणून शिवायला घेतलंय. मी सांगितलं नव्हतं. बोट अंगणात ट्रॉलीवर आहे, म्हणून ते तिच्यापाशी बसतात. पाण्यात गेल्यावर बसतील का, माहीत नाही. विचारणार नाही.

सुमंगला


गणेशगुडी, १३ ऑक्टोबर २०२५

आबा,

काल बोट पाण्यात गेली.

दोरावर माणूस ओढायचा तर बोटीत दोघं लागतात. चालवणारा पुढं बघतो. दुसऱ्यानं सारखं मागं बघायचं, पाण्यातला माणूस पडला की सांगायचं. ह्यावाचून बोट हलवायची नाही हा नियम ह्यांनीच मला शिकवलेला. मागं बघायला दादाचा परशू येणार होता. सकाळी त्याचा फोन आला, "आत्ती, बाबा नको म्हनत्यात." तुम्ही सांगितलंत की दादानं आपल्या मनानं केलं, मला माहीत नाही. ज्यानं कुणी केलं त्याला वाटलं असेल, आता ही बोट काठालाच राहील.

रक्षा तरंगायचं जाकीट घालून, फळी पायात अडकवून पाण्यात बसलेली. पाणी काचेसारखं. मी चाकापाशी. शेजारचं कुणी बोलवावं म्हणून मी रस्त्याकडं बघत होते. तेवढ्यात बोट एका बाजूला झुकली. मागं वळून बघितलं तर हे चढत होते. काठी काठावर टाकलेली. दोन्ही हातांनी कड धरलेली.

मी म्हटलं, "राहू दे. उद्या कुणीतरी मिळेल."

ते म्हणाले, "पुढं बघ. मागचं मी बघतो."

मी पुढं बघितलं. बोटीला वेग दिला. दोर ताणला तसा मागून रक्षाचा आवाज आला, आणि ह्यांचा, "उभी राहिली. असाच वेग धर." आम्ही डब्यांच्या मधून, मोकळ्या पट्ट्यानं सरळ गेलो. काठावर आमच्या खोल्यांत उतरलेलं धारवाडचं एक कुटुंब उभं होतं, त्यांची पोरं टाळ्या वाजवत होती.

वळणावर रक्षा पडली.

"पडली," हे म्हणाले. मी वेग सोडला, वळसा घेतला, तिच्याजवळ सावकाश आणली. माणूस पाण्यात जवळ असला की इंजिन बंद. मी किल्ली काढली, आणि ती त्यांना दिसावी म्हणून हात वर केला. तरी त्यांनी विचारलं, "काढली?" मी किल्ली त्यांच्या हातात दिली. मुठीत धरली त्यांनी. मग खाली बसले, बोटीच्या मागच्या फळीवर पोटावर आडवे झाले आणि लेकीला हात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

रक्षा वर आली नाही. पाण्यातच तरंगत म्हणाली, "बाबा, परत?"

ह्यांनी पाण्याकडं बघितलं. मग किल्ली माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "परत."

दादाला सांगा, बोट काठाला राहिली नाही.

सुमंगला


गणेशगुडी, २४ नोव्हेंबर २०२५

आबा,

काल तुम्ही पाण्याच्या काठावर जे बोललात त्याला मी नुसती मान हलवली. माझं बोलणं तुमच्या कानात घालायचं तर मला ओरडावं लागलं असतं, आणि भोवती पाहुणे होते. आपलं बोलणं पाहुण्यांसाठी नाही. म्हणून लिहिते.

तुम्ही न कळवता आलात. रक्षा धावत येऊन म्हणाली, "आज्जा खाली खडकावर बसलाय, छत्री घेऊन." मी बोटीतून बघितलं. खरंच, तोंड पाण्याकडं. मी बोट थांबवली नाही. दोन पोरं ट्यूबवर होती, त्यांची फेरी पुरी केली, त्यांना उतरवलं, मग आले. तुम्हाला वाटलं असेल, बाप आलाय आणि ही खेळतेय. ते काम आहे माझं.

तुम्ही चहा घेतला नाहीत. ह्यांच्या पायाकडं बघितलंत, मग बोटीकडं. मग छत्रीचं टोक पाण्यावर रोखून म्हणालात, "त्यो दोन डोंगरांच्या मधला कोपरा. पल्याड आमचा ओढा मिळायचा. तितं आईला जाळली. तिच्या आदी तिच्या सासूला. तितनं नको नेऊस, सुमे. बाकी तुजं तू बघ."

जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला ती जागा दाखवलीत. आतापर्यंत तुम्ही नको म्हणत होता, कुठं ते सांगत नव्हता. सगळंच पाणी मसण म्हटलं तर मी कुठून जायचं होतं?

तर माझं उत्तर असं. तो कोपरा मी सोडला. आज सकाळी मी आणि हे बोट घेऊन गेलो, तुम्ही दाखवलंत त्याच्या अलीकडं इंजिन बंद केलं आणि वल्ह्यानं पुढं सरकून दोन पांढरे डबे दोराला दगड बांधून सोडले. त्याच्या आत कुणाला नेणार नाही, कितीही पैसेवाला पाहुणा असला तरी. रक्षानं तिथं फुलं टाकली. मी सांगितलं नव्हतं.

पण हे मी भिऊन केलेलं नाही, आणि चूक झाली म्हणूनही नाही. तुम्ही मागितलंत म्हणून केलं. तेवढी जागा तुमची आणि आज्जीची. बाकीच्या पाण्यावर मी बोट चालवणार. तुमची नात दोरावर उभी राहणार, परशूला यायचं असेल तर त्यालाही शिकवणार, आणि दादाला काय म्हणायचं ते त्यानं इथं काठावर येऊन म्हणावं.

निघताना बसची वाट बघत तुम्ही ह्यांना विचारलंत म्हणे, बुडलेल्या देवळापासून ओढ्यापर्यंत पाण्यावरून किती वेळ लागेल. ते म्हणाले, सुमंगलाला विचारा. मला विचारायचं असेल तर या. सकाळी लवकर या. दुपारनंतर वारा सुटतो आणि पाणी उसळतं.

आणि बोटीत बसणार असाल तर जाकीट घालावं लागेल. माझ्या बोटीत ते सगळ्यांना घालावं लागतं. तुम्हालासुद्धा.

तुमची
सुमंगला